बाटली काळी झाली



गेल्या वर्षी पावसाला सुरुवात होऊन पंधरा दिवस झाले असतील. आमच्या गटातली एक मुलगी सकाळी दारात आली. मुलगी म्हणते खरी, पण तिला आता दोन मुलं आहेत. मी तिला सातवीत विज्ञान शिकवलं, म्हणून माझ्यासाठी ती अजून मुलगीच. गावातल्या ज्या पाच बायकांनी पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलंय, त्यांतली ती एक. हातात रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली होती. एरवी थेट स्वयंपाकघरात येणारी पोर त्या दिवशी पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या विहिरीची बाटली काळी झाली."

तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ही बाटली पाहिली असेल. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि घरातच सावलीत ठेवून द्यायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतले जंतू असण्याची दाट शंका. पाणी होतं तसंच राहिलं तर ठीक. यात कळायला अवघड काही नाही. पण एकतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेल्या बाईच्या विहिरीची बाटली काळी होते, तेव्हा ती बाई काय म्हणते? मी म्हटलं, "तुझ्या बाटलीतच काहीतरी घोटाळा असेल. पुन्हा भर."

तिने पुन्हा भरली. पुन्हा काळी झाली.

आता विहीर कुठे आणि टाकी कुठे ते सांगते. आमची विहीर घराच्या मागे, जांभ्यात खणलेली, सासऱ्यांच्या वेळची. तीन घरं तिच्यावर पाणी भरतात. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा त्यांच्या संडासांसाठी नवी टाकी घातली. गवंड्याने विचारलं होतं, "बाई, तळाला काँक्रीट घालू काय? खर्च वाढेल. नाही घातलं तर पाणी जांभ्यात जिरतं, टाकी कधी भरायची नाही." मी म्हटलं, नको घालू. आणि खरंच, इतक्या वर्षांत ती टाकी एकदाही उपसावी लागली नाही. मे महिन्यात दोन्ही खोल्या भरलेल्या असायच्या, तरी नाही. मी लोकांना कौतुकाने सांगायची, आमची टाकी लक्ष्मीच्या पावलाची आहे, कधी तोंडापर्यंत येतच नाही म्हणून!

दुसरी बाटली काळी झाल्यावर मी टेप घेऊन मोजलं. विहिरीच्या काठापासून टाकी अठ्ठावीस फुटांवर होती. जी टाकी कधीच भरत नाही, तिच्यातलं सगळं जातं कुठे, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

त्या आठवड्यात झोप नीट लागेना, म्हणून मी वाचायला बसले. वाचता वाचता एका फार लांबच्या गावाची गोष्ट हाती लागली. ती आज तुम्हाला सांगायची आहे. गाव अमेरिकेतलं असलं तरी गोष्ट आपल्या परसातली आहे.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. त्याच्या खाली समुद्रात बेटांची एक माळ पसरली आहे. तिला म्हणतात फ्लोरिडा कीज. हे 'की' म्हणजे किल्ली नव्हे. तिकडे छोट्या सखल बेटाला की म्हणतात. पहिलं मोठं बेट की लार्गो आणि शेवटचं की वेस्ट. मध्ये बेचाळीस पूल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 180 किलोमीटरचा रस्ता. वस्ती म्हणाल तर सगळी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास, पण पर्यटक लाखांनी येतात. मासेमारी, बोटी, खोल्या भाड्याने देणं यांवर संसार चालतात. ओळखीचं वाटतंय ना?

त्या बेटांवर गोड्या पाण्याची वानवा. पूर्वी लोक छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून पीत. 1942 मध्ये नौदलाने मुख्य भूमीवरून थेट की वेस्टपर्यंत पाण्याची नळवाहिनी आणली, तेव्हापासून नळाचं पाणी आलं. म्हणजे पाणी आत आलं. पण वापरलेलं पाणी बाहेर कुठे जाणार, याचा विचार पुढची पन्नास वर्षं फारसा कुणी केला नाही. पाणी यायची योजना होते तेव्हा उद्घाटनाला सगळे असतात. जायच्या योजनेला नारळ फोडायलाही कुणी मिळत नाही.

तिथला दगड म्हणजे जुनं मेलेलं प्रवाळ. हजारो वर्षांपूर्वी समुद्राखाली वाढलेलं, मग पाणी खाली गेल्यावर उघडं पडून दगड झालेलं. हातात घेतला तर जाळीसारखा. आपला जांभा जातीने वेगळा. तो पाऊस-उन्हाने कुजून-भाजून तयार झालेला. पण चिऱ्याच्या खाणीत काम केलेल्या बायकांना विचारा, त्या सांगतील की जांभाही पोकळ्यांनी आणि नळ्यांनी भरलेला असतो. वरून घातलेलं पाणी कुठून निघेल याचा नेम नसतो.

त्या जाळीदार दगडात तिथल्या लोकांनी काय केलं? जे मी केलं तेच. कुणी सेप्टिक टँक बांधला, कुणी नुसता खड्डा खणला. 2000 च्या सुमाराला मोजणी झाली, तेव्हा घरोघरच्या अशा सुमारे 23,000 व्यवस्था निघाल्या. त्यांत हजारो अशा, की त्या नेमक्या काय आहेत याची कुठेच नोंद नव्हती. बऱ्याच ठिकाणी तर नुसतेच खड्डे. आणि सगळे खूश. टाकी भरत नाही म्हणून!

मग काही शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. मला ती इतकी आवडली, की आमच्या शाळेत पूर्वी माहीत असती तर दर वर्षी मुलांना सांगितली असती. त्यांनी प्रयोगशाळेत एक विषाणू वाढवला. घाबरू नका, हा विषाणू फक्त जिवाणूंना लागतो, माणसाला त्याचा काही त्रास नाही. तो समुद्रात आपसूक सापडणाऱ्या विषाणूंपासून वेगळा ओळखता येत होता. त्यांनी तो की लार्गोमधल्या एका घराच्या संडासात ओतला आणि साखळी ओढली. बस्स, एवढंच. मग घराजवळच्या कालव्यातलं आणि समुद्रातलं पाणी ठरावीक वेळाने भरून तपासत बसले.

किती वेळ लागला असेल, सांगा बघू? महिना? आठवडा?

अकरा तासांत तो विषाणू कालव्यात सापडला. आणि तेवीस तासांत किनाऱ्याजवळच्या समुद्रात.

सकाळी सहाला संडासात पाणी ओतलं तर संध्याकाळी पाचला पोरं पोहतात त्या कालव्यात. हा अभ्यास 1995 मध्ये छापून आला. टाकी "जिरवते" म्हणतात, ती अशी जिरवते. मातीत घाण गाळली जाते हे खरं आहे. चांगल्या बारीक, कोरड्या मातीतून पाणी हळूहळू झिरपत गेलं तर मातीतले जीव पुष्कळसे जंतू संपवतात. पण दगडाच्या नळीतून ते पाणी धावतं. मध्ये त्याला अडवायला, गाळायला कुणी नसतं.

आता तुम्ही म्हणाल, तिथे लोक नळाचं पाणी पितात, मग बिघडलं काय? बिघडलं समुद्राचं. प्रवाळ आणि समुद्री गवत यांना फार स्वच्छ, फार भुकेलं पाणी लागतं. आपल्या मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत युरिया आणि सुपर फॉस्फेट. ते समुद्रात गेलं की शेवाळ माजतं आणि प्रवाळाला झाकून टाकतं. एवढ्यावर थांबलं नाही. तिथे सांबराच्या शिंगासारखं दिसणारं एक मोठं प्रवाळ आहे. त्यावर पांढरे चट्टे पडायला लागले आणि चट्टा पडेल तिथे प्रवाळ मरायला लागलं. 2002 मध्ये या रोगाचा जंतू ओळखला गेला. तो निघाला माणसाच्या आतड्यात सापडणारा एक जिवाणू. पण तोच जिवाणू पक्ष्यांत, हरणांतही असतो, मग दोष माणसाचाच कशावरून? म्हणून कॅथरिन सदरलँड नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी मागे लागले. त्यांनी मैलापाण्यातून, पक्ष्यांतून, हरणांतून नमुने घेतले आणि जंतूची नेमकी जात जुळवली. ती माणसाच्या मैल्यातली निघाली. मग समुद्राला धक्का लागू नये म्हणून बंद टाकीत प्रवाळाच्या तुकड्यांवर मैल्यातला तो जंतू सोडून पाहिला. पाच दिवसांत रोग दिसला. 2011 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आजवर जनावरांचे रोग माणसाला लागलेले आपण ऐकले होते. इथे माणसाचा जंतू समुद्रातल्या बिनपाठीच्या जिवाला लागला.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. असो.

या सगळ्या आधीच, 1999 मध्ये, फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा केला होता, की कीजमधल्या प्रत्येक घराचं, हॉटेलाचं मैलापाणी 2010 पर्यंत नव्या, कडक मापाने शुद्ध झालं पाहिजे. मोठ्या केंद्रांसाठी माप ठरलं पाच-पाच-तीन-एक. एक लिटर पाण्यात सडका माल, म्हणजे जो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो तो, पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तरंगता गाळ पाचपेक्षा जास्त नको. नत्र तीनच्या आत, स्फुरद एकच्या आत. घरातून निघालेल्या मैलापाण्यात नत्र याच्या दहापट आणि त्याहूनही जास्त असतं, यावरून माप किती कडक ते कळेल.

पण केंद्र बांधायचं तर मैलापाणी तिथपर्यंत न्यायचं कसं? गटाराला उतार लागतो. लांबवर उतार द्यायचा म्हणजे चर खोल खोल होत जातो. तिथे जमीन सपाट, खाली दगड आणि हाताभरावर समुद्राचं पाणी. म्हणून की लार्गो, मॅरेथॉन अशा ठिकाणी त्यांनी हवेने ओढणारी गटारं घातली. दोन-तीन घरांचं पाणी रस्त्याकडेच्या एका खड्ड्यात जमतं. साधारण चाळीस लिटर साठलं की झडप आपोआप उघडते आणि नळीतली पोकळी ते पाणी सर्र्कन ओढून नेते, आपण शहाळ्यातलं पाणी नळीने ओढतो तसं. नळ्या उथळ आणि बारीक चालतात. आणखी एक फायदा म्हणजे नळीला भोक पडलं तर हवा आत जाते, मैला बाहेर येत नाही. की वेस्टच्या जुन्या गटारांत समुद्राचं खारं पाणी शिरायचं. जिथून खारं पाणी आत येतं तिथून दुसरं काही बाहेरही जाऊ शकतं, म्हणून तीही बदलावी लागली.

केंद्रात काय होतं ते मी स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. आधी चाळणी. प्लॅस्टिक, चिंध्या, केस, सगळं बाजूला. मग वाळू खाली बसवायची, तांदूळ रोळतो तशी. मग मोठ्या हौदात खालून हवेचे बुडबुडे सोडतात. तिथे कोट्यवधी जिवाणू असतात, ते मैला खाऊन वाढतात. पुढच्या हौदात ते गाळ होऊन तळाला बसतात आणि वरचं पाणी निवळतं. त्या गाळातला थोडा परत पहिल्या हौदात घालतात. का? विरजण! ताक करताना कालचं दही राखून ठेवतो ना, तसं. विरजण गेलं की केंद्र बसलं. कुणी संडासात फिनेल, ॲसिड असं बादलीभर ओतलं तर विरजण मरतं, हे आपल्या घरच्या टाकीलाही लागू आहे बरं का.

नत्र काढायची युक्ती तर फारच गमतीची. आधी भरपूर हवा देऊन एका जातीच्या जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं. मग हवा बंद. हवा नसली की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू खातात आणि उरलेलं नत्र वायू होऊन आकाशात निघून जातं. आपल्या हवेत तोच तर सर्वात जास्त आहे. स्फुरद मात्र उडत नाही, त्याला खालीच बसवावं लागतं. त्यासाठी बऱ्याच केंद्रांत काय घालतात? तुरटी! आषाढात गढूळ पाण्याच्या हंड्यात आपल्या आज्या जी फिरवायच्या, तीच.

शेवटी शुद्ध झालेलं पाणी सोडायचं कुठे? की वेस्टने 2001 मध्ये समुद्रात सोडायचं बंद केलं आणि फार खोल विहिरींतून, जवळजवळ तीन हजार फूट खाली सोडायला सुरुवात केली. इतरांनी कमी खोल विहिरी मारल्या. पण जाळीदार दगड तो, उथळ सोडलेलं पाणी पुन्हा वर समुद्रात येतं, असं म्हणत तिथले मच्छीमार आणि रहिवासी कोर्टात गेले. त्यावरून अजूनही वाद झडतात.

हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. सगळ्या बेटांचा खर्च मिळून अब्ज डॉलरच्या घरात गेला. घरटी चार-पाच हजार डॉलर वर्गणी बसली, शिवाय दर महिन्याचं बिल. लोक चिडले. आम्ही पेन्शनीत राहतो, कुठून आणू? हॉटेलवाल्यांची घाण, आम्ही का भरू? आमच्या दारात पंप नको, शेजाऱ्याच्या दारात घाला. वाचताना मला आमची ग्रामसभाच ऐकू येत होती. 2010 ची मुदत हुकली, ती 2015 च्या अखेरपर्यंत वाढवून घेतली. पण शेवटी झालं. वीस हजारांवर टाक्या आणि खड्डे बहुतेक बंद झाले, मैलापाणी केंद्रांत जाऊ लागलं.

समुद्र सुधारला का? इथे मी तुम्हाला गोड शेवट सांगू शकत नाही. जंतूंचा धोका कमी होणं ही मोठी गोष्ट झाली. पण प्रवाळ नुसत्या मैल्याने मरत नव्हतं. 2023 च्या उन्हाळ्यात तिथला समुद्र इतका तापला, की ते शिंगासारखं प्रवाळ तिथे जवळपास नाहीसंच झालं. मैलापाणी शुद्ध केलं म्हणून समुद्राचं तापमान उतरत नाही. पण जे आपल्या संडासातून जातं ते तरी आपल्या हातात आहे.

आणि आपल्याकडचे मोठे लोक काही फार पुढे आहेत असंही नाही. मुंबई मुळात बेटंच. वरळी आणि वांद्र्याहून समुद्राखालून तीन किलोमीटरपेक्षा लांब नळ घालून तिथलं मैलापाणी अनेक वर्षं जुजबी गाळून समुद्रात सोडलं गेलं. आता कुठे पूर्ण प्रक्रियेची मोठी केंद्रं बांधायला घेतली आहेत.

आता परत माझ्या परसात या.

कीजमधली माणसं आणि आपण यांत एक मोठा फरक आहे. ते त्या दगडातलं पाणी पीत नव्हते. आपण पितो. शेजारच्या काकी आमच्या विहिरीचं पाणी भरतात. त्यांच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती. ग्रामीण रुग्णालयात सहा दिवस होता पोरगा. दूषित पाण्याने कावीळ होते, हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय. ती माझ्या टाकीमुळे झाली असं मी सिद्ध करू शकत नाही. बाहेरचा बर्फाचा गोळा खाल्ला असेल, लग्नाच्या जेवणात काही असेल. पण नाही झाली, असंही मला कुणाला सांगता येणार नाही. पायरीवर उभी राहून ती मुलगी बोलली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तोच पोरगा आला होता. बाटलीत घोटाळा आहे, असं मी का म्हटलं ते तुम्हाला आता कळलं असेल.

मी काकींकडे गेले आणि सांगितलं, पाणी उकळून प्या, चांगली खळखळून उकळी येऊ द्या. विहिरीत आमच्या टाकीचं पाणी येतंय अशी शंका आहे. काकी म्हणाल्या, "बाई, आमी जल्मभर ह्याच पाणी पितंव. आमका काय झाला?" मग थोड्या वेळाने गप्प झाल्या. नातवाचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चुलीवर पाण्याचा टोप दिसायला लागला.

जलसुरक्षकाने विहिरीत टीसीएल टाकली. बाटली चांगली आली. बारा दिवसांनी भरली तर पुन्हा काळी. टीसीएल विहिरीतले जंतू मारते, टाकीचं भोक बुजवत नाही.

शेवटी मोडून पुन्हा बांधायचं ठरवलं. आमच्याकडे यावरून आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मी काही इंजिनिअर नाही, पण मला जे करावं लागलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आता खोल्या निघतायत. सेप्टिक टँक म्हणजे खड्डा नव्हे. त्याला तळ हवा, सगळ्या बाजूंनी गिलावा हवा, मध्ये भिंत घालून दोन कप्पे हवेत, वायूसाठी वर जाळी लावलेला पाइप हवा. चांगली टाकी नेहमी पाण्याने भरलेली असते. गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पलीकडच्या तोंडातून बाहेर पडतं. तेही शुद्ध नसतं, हे लक्षात ठेवा. ते जिथे जिरवायचं तो शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून कमीत कमी अठरा मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा, असं आपल्या देशाचं बांधकामाचं मानक सांगतं. आणि भेगांच्या दगडात असा खड्डा करूच नये, असंही तेच सांगतं, कारण घाण लांबवर वाहत जाते. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले होते.

आम्ही टाकी पुढच्या अंगणात, उताराच्या बाजूला नेली. विहिरीपासून नव्वद फूट. खड्डा न खणता जमिनीच्या वर वाळू-मातीचा वाफा केला, त्यात ते पाणी पसरवलं, वर केळी आणि कर्दळ. दोन उन्हाळ्यांच्या कमाईतले पैसे गेले. ज्यांच्या घरी माणसं कमी, जागा थोडी आणि माती चांगली, त्यांना दोन खड्ड्यांचा संडास स्वस्तात पडतो. एक भरला की बंद करून दुसरा सुरू. बंद केलेल्यात दीड-दोन वर्षांत खत होतं. पण त्यालाही विहिरीपासूनचं अंतर लागतंच, आणि पाणी वर येणाऱ्या भाटल्यात तो खोल खणून चालत नाही.

जुनी टाकी बुजवण्याआधी उपसायला तालुक्याहून गाडी बोलावली होती. इथे एक गोष्ट ठासून सांगते. टाकीत माणूस उतरवायचा नाही. कितीही कमी पैशांत कुणी तयार झाला तरी नाही. 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस दोन मिनिटांत पडतो, मग त्याला काढायला गेलेला दुसराही. गाडीच बोलवायची, नळीने ओढणारी.

गाडी भरली. ड्रायव्हर पैसे मोजत होता. मी सहज विचारलं, "दादा, आता हे कुठे नेऊन ओतता?" तो हसला. म्हणाला, "वाटेत वहाळ लागतो ना."

तो वहाळ आमच्या खाडीला मिळतो. ओहोटीला त्याच्याच तोंडाशी आमच्या गटातल्या बायका मुळे आणि कालवं काढतात. कालवं पाणी गाळून आपलं खाणं मिळवतात. पाण्यात जे असतं ते त्यांच्या पोटात साठतं. ती आपण बाजारात नेतो, घरी पोरांना घालतो. म्हणजे माझ्या विहिरीजवळचं उचलून मी तुमच्या ताटात नेऊन ठेवत होते, वर पावती घेऊन.

गाडी त्या दिवशी मी परत रिकामी करून घेऊ शकले नाही. तेव्हा सुचलंही नाही.

म्हणून आता हा विषय एका घराचा राहिलेला नाही. आपल्याच राज्यात वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी काही वर्षांपूर्वी एक पद्धत सुरू केली. टाकी तुंबल्यावर गाडी बोलवायची नाही, तर वेळापत्रकाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक घराची टाकी उपसायची. पैसे करातून घ्यायचे. आणि गाळ न्यायचा तो त्यासाठीच बांधलेल्या केंद्रात. तिथे प्रत्येकाला भुयारी गटार मिळालेलं नाही, तरी मैला ठिकाणावर जातो. एकट्या खेड्याला केंद्र परवडत नाही, हे मान्य. पण आजूबाजूची दहा-बारा गावं आणि तालुक्याचं शहर मिळून का नाही? शहरात केंद्र असेल तर खेड्यातली गाडी तिथे रिकामी करून घेता येते का, हे विचारायला तर पैसे पडत नाहीत.

आमच्या गटाने येत्या ग्रामसभेसाठी अर्ज दिला आहे. तीन गोष्टी मागितल्या आहेत. गावातल्या सगळ्या विहिरी आणि टाक्या यांमधलं अंतर मोजून नकाशा करायचा. खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, टाकीला तळ आहे की नाही हे लिहून द्यायचं. आणि उपसणाऱ्या गाडीने माल कुठे रिकामा केला याची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तिसरी मागणी मुळे काढणाऱ्या बायकांनी घातली. पहिल्या मागणीला दोन घरांचा आत्तापासूनच विरोध आहे. त्यांच्या टाक्या किती फुटांवर आहेत ते गावात सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना दोष देत नाही. मी पण आधी म्हटलंच होतं, बाटलीतच घोटाळा आहे म्हणून.

नवी टाकी झाल्यापासून आम्ही विहिरीची बाटली चार वेळा भरली. हिवाळ्यात दोनदा आणि उन्हाळ्यात एकदा पाणी जसंच्या तसं राहिलं. पण तेव्हा पाऊस नव्हता. जुन्या जागेच्या दगडात काय मुरून राहिलंय ते पहिल्या मोठ्या पावसातच कळणार. या वर्षी पाऊस लागून दहा दिवस झाले. काल सकाळी त्या मुलीने चौथी बाटली भरली, या वेळी ओटीवर बसून, चहा घेऊन. मी हे बोलतेय तेव्हा ती बाटली आमच्या फडताळात तांदळाच्या डब्यामागे आहे. उद्या सकाळी काकींना बोलावून तिघी मिळून बघणार आहोत. तोवर काकींच्या चुलीवरचा टोप उतरवलेला नाही.